मालकाची थंडी अजून तुझ्याकडेच आहे

लालसू, तू गेल्याची बातमी मला ज्या माणसाने सांगितली, त्याच्यावर मी हसलो. माझंच हत्यार माझ्यावर उलटवतो आहे असं वाटलं. चांद्याच्या मोटार अड्ड्यावर माझ्याइतक्या थापा कोणी मारल्या नसतील हे तुला माहीत आहेच. वाघाने माझ्या गाडीला धक्का मारून ती चालू करून दिली, ही थाप लोक आजही माझ्याकडून मागून घेऊन ऐकतात. तेव्हा कोणी येऊन म्हणालं, "दौलत, तुझा लालसू गेला गा, हिवतापानं," तेव्हा मी आधी विचारलं, "बरं, पुढे काय झालं?" पुढे काहीच झालं नव्हतं. तो माणूस तसाच उभा राहिला.

आता सांगतो ते तुला माहीत असायला हवं, कारण सगळा घोटाळा तुझ्यामुळेच झालेला आहे. मी चालवतो त्या मालकाच्या गाडीतल्या थंडीच्या यंत्राचा कंप्रेसर तू दुरुस्तीसाठी गावी नेलास. तू गेलास, आणि तुझ्या माणसांनी तुझी खाट, तुझा तांब्या, तुझी कुऱ्हाड आणि तुझे नट आवळायचे पाने तुला पुरलं त्या मातीवर ठेवले, त्यात तो कंप्रेसरही ठेवला. तुझ्या हातात शेवटी तोच होता ना, मग तो तुझाच. मालक म्हणाला, चोरी आहे. येत्या बाजाराच्या आत यंत्र आलं नाही तर तुझ्या भावाला, झुरूला, ठाण्यात बसवतो. तुझी आई म्हणाली, नेता तर न्या, पण त्याला विचारून न्या.

तर मी विचारलं. तुझ्या एका होकारावर तुझ्या भावाच्या हातातली बेडी अडली होती, आणि तू गप्प. जन्मात तू एवढा वेळ कधी गप्प बसला नव्हतास.

मालकाची ती गाडी तुझ्या आधी माझ्या वाट्याला आली होती. कुठल्याशा संस्थानाचं राज्य विलीन झालं तेव्हा तिथल्या राजाने गाड्या विकायला काढल्या, आणि आमच्या मालकाने मालगुजारी जाण्याच्या थोडं आधी त्यातली सगळ्यात लांब गाडी उचलली. पुढचे दिवे सावली गावाला पोचायचे तेव्हा मागचे दिवे मूल गावाहून निघायचे, एवढी लांब. मग मालगुजारी गेली, गावं गेली, मुजरे गेले, गाडी तेवढी राहिली. तिच्या डिकीत मागच्या सीटला चिकटून एक पत्र्याची पेटी होती. कोणी म्हणे राणीचे दागिने ठेवायची, कोणी म्हणे शिकारीची हरणं. मी गावभर सांगून ठेवलं होतं की त्यात राजाचा मुनीम झोपायचा. मग एकदा विकणाऱ्या राजाचा जुना ड्रायव्हर भेटला आणि म्हणाला, अरे ही गाडी आतून थंड होते, एसी आहे तिच्यात, अमेरिकेहून आलेली आहे.

मालकाच्या कानावर हे गेलं आणि मालक बदलला. आधी गाडीत बसून तो बाहेर बघायचा. आता काचा वर करून आत बसायचा आणि थंडीची वाट पाहायचा. मे महिन्यात, लालसू. आपल्याकडचा मे. मी काचांना वाळ्याचे पडदे बांधले, त्यांवर बादलीने पाणी मारलं. गाडीला वाळ्याचा वास यायचा, पण मालकाला वाळा घरीही होता. त्याला अमेरिकेची थंडी पाहिजे होती. पंचक्रोशीत त्याने सांगून टाकलं होतं की माझी गाडी थंड होते. आता ती व्हायलाच हवी होती.

तेव्हा तू आलास. नागपूरच्या बर्फाच्या कारखान्यातून काम सोडून गावी चालला होतास आणि अड्ड्यावर माझ्या गाडीच्या टपावर बसायला जागा मागत होतास. मी म्हटलं, टपावर कशाला, खाली लोळ, गाडीच्या पोटाखाली जा आणि सांग, ह्या तांब्याच्या नळ्या कशाच्या आहेत. तू गेलास. बराच वेळ तुझे पाय तेवढे बाहेर दिसत होते. मग आतून हसण्याचा आवाज आला.

"हे बर्फाच्या कारखान्याचं लेकरू व्हय गा, डायवर. इतलं लहान म्या कधी पाह्यलं नाई."

"करते का थंड?"

"करत होतं. आता उपाशी हाये. गॅस गेला याचा."

मी तेवढ्यावरच जाऊन मालकाला सांगितलं की नागपूरचा मोठा थंडीचा इंजिनिअर आणला आहे. तू मला नंतर विचारलंस, "काऊन खोटं बोलला बे?" मी म्हटलं, मोठा म्हटलं ते खोटं असेल, थंडीचा म्हटलं ते खरंच आहे. तिथेच तू मला अडवलंस आणि आपलं भांडण सुरू झालं. ते संपलं नाही. आता कसं संपणार?

तू म्हणालास, "थंडी असी काई चीजच नसते."

मी म्हटलं, "मंग हिवाळ्यात मी काय पांघरतो?"

"गरमी पांघरतोस. तुझीच गरमी तुझ्यापाशी ठेवतोस. हे यंत्र थंडी बनवत नाई गा. आतली गरमी उचलते आन बाहेर फेकते. बस."

मी हे मानलं असतं तर मी दौलत कसला. पुढे गॅस भरून यंत्र घटकाभर फिरवलंस तेव्हा तू गाडीच्या समोर, रेडिएटरच्या पुढच्या जाळीला माझा हात लावलास. हात भाजला. तू म्हणालास, हीच ती मालकाच्या पाठीतली गरमी. मी म्हटलं, मालकाच्या पाठीत एवढी गरमी असती तर मालगुजारी गेली नसती. तू हसलास, पण मुद्दा सोडला नाहीस. तू मुद्दा कधी सोडायचा नाहीस. पाना सुटला तरी मुद्दा तुझ्या हातात. त्यावर मी चार माणसांत सांगत फिरलो की लालसूच्या मते चांद्याला थंडी पडतच नाही, सरकारने उगीच पुकारली आहे. तू ऐकलंस आणि पुढचे किती तरी दिवस माझ्याशी फक्त पाने मागण्यापुरतं बोललास.

दोन उन्हाळे आपण त्या यंत्राला लागलो होतो. गॅसची टाकी नागपूरहून मोटारीच्या टपावरून यायची, आणि टपावरच्या बकऱ्या तिला टेकून बसायच्या. गॅस भरला की तू रिठे भिजवून फेस करायचास आणि एकेका सांध्यावर लावायचास. फेस फुगला की तिथून गॅस जातो. सांधा आवळला की दुसरा फुगायचा. कारण सावली ते गडचिरोली हा रस्ता म्हणजे रस्ता नव्हता, लालसू. आपल्या गाडीच्या नशिबात लिहिलेला मार होता. त्या रस्त्यावर माझी दाढ हलली, तिथे तांब्याच्या नळीने काय करायचं? तू नळ्यांखाली गोणपाटाच्या गाद्या बांधल्यास, मी गावात सांगितलं की यंत्र गरोदर आहे. मालक येऊन विचारायचा, "कदी होते?" मी म्हणायचो, "नववा चालू आहे."

सांधे आवळून झाले, तेव्हा तुला खरा आजार सापडला. कंप्रेसरच्या फिरत्या दांड्याभोवतीची चकती झिजली होती. गॅस तिथून, अगदी बेमालूम, फेस न फुगवता जात होता. तशी चकती नागपुरात नाही, मुंबईत असेल तर कोणाला ठाऊक. आणि तू म्हणालास, मी बनवतो.

इथे मला अजून तुझ्यावर प्रेम येतं आणि रागही येतो. तू सांबराचं कातडं आणलंस. जुनं, कमावलेलं, तुझ्या आजोबाच्या ढोलाचं. ते टोरीच्या तेलात मुरवलंस, मोहाच्या बियांच्या त्या तेलात, ज्याने तुझ्या गावचे लोक दिवाही लावतात आणि गुडघाही चोळतात. अमेरिकेच्या यंत्राला सांबराचं कातडं. ज्याने ते यंत्र बनवलं त्याने स्वप्नातही सांबर पाहिलं नसेल. मी म्हटलं, लालसू, हे बसायचं नाही. तू म्हणालास, "ढोल पावसात वाजते ना? मंग."

आणि बसलं. ते मी खोटं सांगत नाही. त्या दिवशी सावलीहून निघालो, मालक मागे, काचा वर, मी आणि तू समोर. यंत्राचा पट्टा फिरायला लागला, मागची पेटी घुं करायला लागली, आणि मालकाच्या मानेवर थंड हवा आली. अगोदर तो घाबरला. म्हणाला, "दौलत, खिडकी उघडी राह्यली का?" मग त्याला कळलं. मूल यायच्या आत त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या, दहिवर पडलं त्यांच्यावर. त्याने उपरणं पांघरलं, मग माझा रुमाल मागितला, मग तुझा. रस्त्याने चाललेल्या बैलगाड्या आमच्या काचांवरचं धुकं बघून थांबायच्या. मूलच्या चौकात मी दार उघडलं तेव्हा आतली थंडी बाहेर पडली आणि तिथल्या एका म्हाताऱ्याने शेकोटी पेटवली. एवढं सगळं खरं नाही, पण मालक कुडकुडला ते खरं आहे. आणि तू समोर बसून माझ्याकडे पाहिलंस तेही. मला त्या वेळी काय म्हणायचं होतं ते मी गाडी चालवण्यात दडवलं. मला म्हणायचं होतं की लालसू, माझ्या आयुष्यात मी जेवढं खोटं बोललो त्यातलं एकही असं खरं झालेलं मी पाहिलं नाही. हे मी म्हटलं नाही. आता इथे म्हणतो, तर तू उत्तर देत नाहीस.

परत येताना फुस्स झालं. सांबराच्या चकतीतलं तेल गॅसने पातळ करून टाकलं आणि सगळं गळून गेलं. तू गाडीखालून बाहेर आलास, हात पुसलास आणि म्हणालास, "गॅस तेल पिऊन गेला गा." मालक गाडीत बसून होता, काच वर, घामाने भिजलेला, उपरणं अजून खांद्यावर. तो बाहेर येईना. त्याला वाटत होतं की बसून राहिलं तर थंडी परत येईल. मला तेव्हा मालकाची दया आली, आणि ती मला परवडणारी नव्हती.

मग तू कंप्रेसर काढून घेतलास. म्हणालास, गावचा लोहार कातड्याऐवजी पितळेची चकती ठोकून देईल, मी घासून बसवतो, मला थोडे दिवस दे. तुझं गाव वैनगंगेच्या पलीकडे, मुलचेऱ्याच्या वाटेवर, जंगलात. मालक म्हणाला, "यंत्र गावी काऊन नेते हा?" मी म्हटलं, मालक, कारागीर आहे, त्याला त्याची माती लागते. हेही मी थाप म्हणूनच बोललो होतो.

तू आजारी आहेस हे कळलं तेव्हा मी मालकाची गाडी काढून आलो. तू खाटेवर, अंगावर घरातली सगळी घोंगडी, त्यावर तुझ्या आईचं लुगडं, त्यावर धानाचं पोतं. बाहेर झाडाच्या सावलीतही पाखरं चोची उघडून बसली होती, आणि तू दात वाजवत होतास. कंप्रेसर उशाला. अर्धी घासलेली पितळी चकती तुझ्या मुठीत. मी मोठ्याने बोलणारा माणूस, मला दुसरं येत नाही. मी म्हटलं, "का गा लालसू, आता सांग. थंडी असते का नसते?"

तू डोळे उघडलेस. दातावर दात वाजत होते तुझे. म्हणालास, "नसतेच. गरमी... बाहेर चालली."

मी हसलो. तुझी आई नाही हसली. मी गडचिरोलीहून डॉक्टराच्या गोळ्या घेऊन आलो, त्या तू गिळल्यास, आणि मला वाटलं झालं. कुनैन आहे, उतरेल. मी मालकाच्या भीतीने गाडी परत न्यायला निघालो. जाताना तू म्हणालास, "पट्टा काढून ठेवजो. उगाच फिरते." तेवढंच. आपलं शेवटचं बोलणं पट्ट्याबद्दल झालं. माणसं शेवटी काय काय बोलतात म्हणे. तू मला गाडीचा पट्टा काढायला सांगितलास, आणि मी काढला. अजून काढलेलाच आहे.

बातमी आल्यावर मी परत निघालो तेव्हा वैनगंगेच्या वाळूत गाडी रुतली. नदीकाठच्या धिवर कोळ्यांनी चाकांखाली बांबूचे तट्टे टाकले, एक तट्टा सोडला की चाक दुसऱ्यावर. एरवी मी त्यांना सांगितलं असतं की या नदीत मी एकदा मासा गाडीला जुंपला होता. त्या दिवशी कोणी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. पोचलो तेव्हा तुझ्यावर माती पडून गेली होती. तुझं तोंड मी पाहिलं नाही.

मातीवर तुझी खाट उलटी ठेवलेली. तुझी खाकी टोपी. तांब्या, कुऱ्हाड, पाने. आणि कंप्रेसर. त्याला हळद लावली होती आणि टोरीचं तेल. पळसाच्या पानावर भात ठेवला होता, अर्धा तुझ्यासमोर, अर्धा त्याच्यासमोर, जणू तोही जेवणार. मी झुरूला बाजूला घेतलं.

"झुरू, ते मालकाचं आहे."

"भाऊच्या उशाला होतं."

"उशाला असलं म्हणून..."

"त्याच्या हातची चीज हाये. अदुरी सोडून गेला. तिकडे काय करन तो, बसून राहीन का नुसता?"

बरोबरच होतं. तू कुठेही गेलास तरी नुसता बसणार नाहीस हे मलाही ठाऊक होतं.

मी मालकाकडे आलो आणि खरं सांगितलं. म्हटलं, मालक, यंत्र त्याच्यासोबत मातीवर ठेवलंय, त्यांची रीत आहे, मेलेल्याला दिलेलं परत घेत नाहीत. मालकाने माझ्याकडे बघितलं, आणि मला त्याच्या चेहऱ्यावर तेच दिसलं जे वाघाची गोष्ट ऐकताना लोकांच्या चेहऱ्यावर दिसतं.

"त्याला जेवायलाही वाढलं असेल," मालक म्हणाला.

"वाढलंय, मालक. भात."

"बस कर, दौलत. विकलं त्याच्या भावानं. बाजाराच्या आत आणून दे, नाई त मी जमादाराले सांगतो."

सगळं आयुष्य मी लोकांना खोटं खरं करून दाखवलं, आणि एकदा खरं बोलायला गेलो तर त्याला खोट्याची चव लागली. मी शपथ घेतली. माझ्या शपथेला मालक आणखी हसला. तू जवळ असतास तर साक्ष दिली असतीस. तू खोटं बोलत नाहीस हे मालकालाही ठाऊक होतं. पण साक्षीदाराच्याच उशाला माल निघाला होता.

मग तुझी आई. मी तिला सगळं सांगितलं, ठाणं, जमादार, झुरू. ती घाबरली नाही, रडली नाही. म्हणाली, "नेता त ने, डायवर. पण त्याले विचारून ने." आणि पळसाच्या पानांच्या द्रोणात, दोन्यात, पाणी आणलं. त्यावर धानाचे दोन दाणे सोडायचे, हलक्या हातानं. एक दाणा तुझा, एक विचारणाऱ्याचा. एकमेकांना येऊन मिळाले तर होय. ती तुझं नाव घेऊन बोलली, तुमच्या भाषेत. दोना माझ्या तळहातावर ठेवला.

"हात हालवू नको."

मी हलवला नाही. दाणे तरंगले. एक या काठाला लागला, एक त्या काठाला. मध्ये पाणी, स्वच्छ, त्यात आभाळ. माझ्या ओठांची मात्र तयारी झाली होती, एक बारीक फुंकर, कोणाला कळली नसती.

"तोंड तिकडे कर, डायवर," तुझी आई म्हणाली.

मी तोंड फिरवलं. परत पाहिलं तरी दाणे तिथेच. म्हणाली, आज नाही म्हणतो, उद्या ये. मी गेलो. तेच. पुन्हा गेलो. मी तुझ्याशी मनातल्या मनात बोललो, मोठ्यानेही बोललो. म्हटलं, बे लालसू, झुरूसाठी तरी. म्हटलं, थंडी नसते, चल, मानलं, आता तरी सरक. दाणे सरकले नाहीत.

तुझी आईच शेवटी म्हणाली, "तो देत नाई. अर्धं काम त्यानं कोणाले हातात देल्लं नाई कधी. लाहानपणी टोपली विणे, त पुरी झाल्याबिगर मलेबी दाखवे नाई."

मी तिथे बसलो. अर्धं काम पुरं करायचं तर मला ते येत नव्हतं. ते जिथे होतं तिथून उचलायचं तर तुझी परवानगी नव्हती. बाजार उद्यावर आला होता. झुरू दारात कुऱ्हाडीला धार लावत होता, शांतपणे. मी त्याला म्हटलं, जंगलात निघून जा. तो म्हणाला, "काऊन? म्या काय केलं?" त्याला मी सांगू शकलो नाही की काही न करणाऱ्यालाच ठाण्यात जास्त मारतात.

बाजाराच्या सकाळी मालक म्हणाला, "चल. तुझी थाप माझ्या डोळ्यांनी पाहतो, मंग जमादाराकडे जातो." गाडी निघाली. मालकाने काचा वर केल्या. आत आम्ही दोघं उकडून निघालो. तो घाम पुसत नव्हता. नदीच्या वाळूत पुन्हा तट्टे, पुन्हा ढकलाढकल. मालक खाली उतरला नाही, माणसं त्याच्यासकट गाडी ढकलत राहिली.

तुझ्या मातीपाशी मालक उभा राहिला. खाट पाहिली. टोपी पाहिली. भाताचं पान पाहिलं, त्या दिवशी ताजं होतं. आणि हळद लावलेलं आपलं यंत्र पाहिलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. माझं खरं ठरलं याचा आनंद मला होईना.

तुझ्या आईला तो कोण हे माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसलं की आणखी एक माणूस विचारायला आला आहे. तिने दोना भरला, दाणे सोडले, तुझं नाव घेतलं आणि दोना मालकाच्या हातात दिला.

"धर बाबा. हात हालवू नको."

लालसू, मालकाचा हात हलतो आता. वर्षभर झालं असेल. आरशात मी पाहतो, तो हात मांडीखाली दाबून बसतो. कोणाला दाखवत नाही.

"मी नाई हालवत," मालक हळू म्हणाला. "तो हालतो."

पाणी थरथरलं. दाणे दोन्याच्या काठावरून सुटले, हेलकावे खात मध्ये आले, आणि मिळाले. तुझी आई वाकून बघत होती. म्हणाली, "मिळाले. ने, बाबा."

मी पुढे झालो. कंप्रेसर उचलायला खाली वाकलो. मालकाने दोना तसाच धरलेला.

"थांब," तो मला म्हणाला. मग तुझ्या आईला विचारलं, "पुरं झालं होतं का ते?"

"नाई. अर्धंच."

मालकाने यंत्राकडे पाहिलं. तुझ्या टोपीकडे पाहिलं. "मंग राहू दे," म्हणाला. "पुरं झालं का धाडजो म्हणा त्याले."

दोना त्याने खाली ठेवायला माझ्या हातात दिला. परतीच्या वाटेवर तो बोलला एकदाच. म्हणाला, "दौलत, तू खरं बोलतोस हे मला आधी सांगायचं होतं." मी म्हटलं, सांगितलं होतं, मालक. तो म्हणाला, "हो. सांगितलं होतं." झुरू घरीच आहे. परवा त्याने मालकाकडे मोहाची फुलं धाडली.

तर असं आहे. सगळं बरं झालं म्हणायचं. अड्ड्यावर मी ही गोष्ट सांगितली तर लोक म्हणतात, दौलत, वाघापेक्षा ही चांगली जमली. मी त्यांना सांगत नाही की ही खरी आहे. सांगून उपयोग नाही हे मी आता शिकलो.

पण तुला विचारतो, दुसऱ्या कोणाला विचारण्यासारखं नाही. हात थरथरला म्हणून दाणे सुटले, एवढं मलाही कळतं. एवढा मी तुझ्याजवळ राहिलो आहे. तरी विचारतो. मालक तुझा कोण? त्याने तुला नावाने कधी हाक मारली नाही, "तो थंडीवाला" म्हणायचा. त्याच्याशी बोललास. आणि माझ्या हातावर, बे लालसू, परत परत, त्या काठाला एक आणि या काठाला एक. माझा हात हलत नव्हता. मी दम धरला होता. तुझं नाव घेतलं होतं. काऊन नाई बोलला गा?